नलिनी मलानी : प्रकाश, सावली आणि चित्रफीत

१९४६ मध्ये कराचीत जन्मलेल्या आणि फाळणीनंतर कुटुंबासह भारतात आलेल्या नलिनी मलानी यांनी मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकलेचे शिक्षण घेतले. मात्र ज्येष्ठ चित्रकार अकबर पदमसी यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’मध्ये त्या छायाचित्रण आणि चित्रपट या माध्यमांकडे वळल्या. तेथे त्यांनी फोटोग्राम, म्हणजे कॅमेऱ्याविना, प्रकाशसंवेदी कागदावर वस्तू ठेवून त्यावर थेट प्रकाश पाडून मिळवलेल्या प्रतिमा, निर्माण केल्या. ‘युटोपिया’ (१९६९–७६) या कृतीत दोन चित्रफिती शेजारी शेजारी दाखवल्या जातात : एकीत वास्तुरचनांच्या प्रतिकृतींतून साकारलेले आधुनिक शहराचे रंगीत स्वप्न आहे, तर दुसरीत मुंबईच्या वस्तीकडे पाहणारी तरुणी कृष्णधवल रूपात दिसते, आणि या विरोधातूनच स्वातंत्र्योत्तर आशा-निराशेचे भाष्य उभे राहते.

पुढे त्यांनी पारदर्शक पृष्ठभागाच्या मागील बाजूस चित्र काढण्याची उलट चित्रणाची पद्धत, ज्यात बारकावे आधी आणि पार्श्वभूमी शेवटी रंगवली जाते, फिरत्या दंडगोलांवर वापरून त्यांच्या सावल्या चित्रफितींत मिसळल्या. २०१२ मध्ये जर्मनीतील कासेल येथील ‘डॉक्युमेंटा’ प्रदर्शनात मांडलेली ‘इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड’ ही अशीच कृती असून, स्त्रियांवरील हिंसा हा तिचा गाभा आहे. २०२३ मध्ये त्यांना जपानचा क्योतो पुरस्कार मिळाला.