जनावरांच्या आहारातील तेल : फीडलॉटचा अनुभव व आपली गव्हाण

(पशुपालकांच्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



गाय, बैल किंवा म्हैस हे मुळात तेल खाणारे प्राणी नव्हेत. रानात चरणाऱ्या जनावराच्या पोटात जो चारा जातो त्याच्या शुष्क भागात स्निग्धांश शेकडा दोन ते चार एवढाच असतो, आणि हजारो वर्षे त्याचे पोट तेवढ्याच स्निग्धांशाला सरावलेले आहे. असे असूनही अमेरिका, कॅनडा व ऑस्ट्रेलिया या देशांत मांसासाठी पाळलेल्या गुरांच्या खाद्यात तेल व चरबी मिसळण्याची पद्धत गेली अनेक दशके चालू आहे. आपल्याकडेही आता दुभत्या जनावरांसाठी तेलाच्या व चरबीच्या निरनिराळ्या पुड्या विक्रीस येतात आणि त्यांचे गुण मोठ्या अक्षरांत छापलेले असतात. या पुड्या घ्याव्यात की न घ्याव्यात, हे ठरविण्यापूर्वी ज्यांनी हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला त्यांना त्यात काय मिळाले आणि कोठे थांबावे लागले, हे समजून घेणे हिताचे होईल.

प्रथम फीडलॉट म्हणजे काय ते पाहू. टेक्सास राज्याचा उत्तरेकडील पट्टा, कॅन्सासचा पश्चिम भाग, नेब्रास्का व कोलोरॅडोचा पूर्व भाग या कोरड्या माळरानावर दुसऱ्या महायुद्धानंतर भूगर्भातील पाणी पंपाने उपसून मका व ज्वारी पिकविली जाऊ लागली. धान्य जेथे पिकते तेथेच गुरे आणून त्यांना खाऊ घालणे स्वस्त पडते, म्हणून तेथे गुरांचे प्रचंड वाडे उभे राहिले. कॅनडात अल्बर्टा प्रांतातील लेथब्रिज शहराच्या आसपास असाच पट्टा आहे. तेथे मक्याऐवजी मुख्यतः बार्ली, म्हणजे सातूच्या जातीचे धान्य, वापरतात. या वाड्यांवर छप्पर नसते. कठड्यांनी विभागलेल्या आवारांत गुरे मोकळी असतात, रस्त्याच्या कडेने सिमेंटची लांबच लांब गव्हाण असते आणि मोटारीतून तीत खाद्य ओतले जाते. सुमारे तीनशे ते साडेतीनशे किलो वजनाचे खच्ची केलेले गोऱ्हे आत येतात आणि पाच-सहा महिन्यांनी सहाशे किलोच्या आसपास होऊन बाहेर पडतात. त्यांच्या आहारात शेकडा सत्तर ते पंच्याऐंशी भाग धान्य व तत्सम खुराक असतो, वैरण नावापुरती. ही पद्धत येथे उचलून आणावी असे सुचविण्याचा हेतू नाही. भूमी, धान्य, हवा, खाण्यापिण्याच्या चालीरीती, सर्वच वेगळे आहे. परंतु तेथील गोऱ्ह्याचे पोट आणि येथील गाईचे पोट यांत रचनेचा भेद नाही, आणि या विषयाचा सारा उलगडा त्या पोटातच आहे.

तेल घालण्याचे पहिले कारण ऊर्जेचे. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थापासून सुमारे चार कॅलरी मिळतात, एक ग्रॅम तेलापासून नऊ. म्हणजे जनावराच्या पोटात जागा तेवढीच असली तरी तेलाने ऊर्जा सव्वादोन पट भरते. दुसरे म्हणजे तेल पचताना अंगात उष्णता कमी निर्माण होते. टेक्साससारख्या प्रदेशातील उन्हाळ्यात याचे महत्त्व लहान नाही. तिसरे कारण अगदीच साधे असले तरी वाडा चालविणारे लोक ते आवर्जून सांगतात : भरडलेल्या धान्याची धूळ तेलाने बसते. धूळ उडाली तर जनावर खोकते, खाद्य नाकारते आणि वाऱ्याने बारीक अंश उडून जातो तो वेगळाच.

तेथे प्रथम वापर झाला तो मुख्यतः जनावरांच्या चरबीचा, कारण ती कत्तलखान्यातून स्वस्त मिळे. १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये गुरांना मेंदूचा असाध्य रोग होत असल्याचे ओळखले गेले. मृत जनावरांचे अवशेष खाद्यातून दिल्याने तो पसरतो हे पुढे स्पष्ट झाले. २००३ मध्ये अल्बर्टातही त्या रोगाचे जनावर सापडले. त्यानंतर गुरांच्या खाद्यातील प्राणिज पदार्थांविषयी ग्राहक व सरकारे दोन्ही सावध झाली आणि सूर्यफूल, सोयाबीन, कॅनोला, जवस यांच्या तेलांकडे अधिक लक्ष गेले.

आता पोटाकडे वळू. रवंथ करणाऱ्या जनावराचा पहिला व सर्वांत मोठा कप्पा, ज्यास कोटीपोट म्हणतात, तो पाचकरसाने पचविणारा अवयव नसून आंबवणाची मोठी कणगी आहे. तीत असंख्य सूक्ष्म जीव राहतात. पेंढा, कडबा, गवत यांतील तंतुमय भाग गाय स्वतः पचवू शकत नाही. हे सूक्ष्म जीव तो फोडतात आणि त्यातून जी आम्ले निर्माण होतात त्यांवर गाय जगते. गुराख्याच्या दृष्टीने गाईला वैरण घालणे म्हणजे वस्तुतः या सूक्ष्म जीवांना वैरण घालणे होय. वनस्पतिज तेलांचा यांच्याशी उघड विरोध आहे. तेलातील असंतृप्त आम्ले तंतू पचविणाऱ्या जिवाणूंना विषासारखी बाधतात. शिवाय तेलाचा पातळ थर वैरणीच्या तुकड्यांवर चढला म्हणजे जिवाणूंना त्यावर बसताच येत नाही. प्रमाण थोडे असेल तर जिवाणू स्वतःचे संरक्षण करतात. ते या आम्लांना हायड्रोजन जोडून त्यांचे घट्ट, निरुपद्रवी स्निग्धाम्लांत रूपांतर करतात. कारखान्यात पातळ तेलापासून वनस्पती तूप गोठवितात, जवळजवळ तीच क्रिया गाईच्या पोटात अखंड चालू असते. म्हणूनच डुकराला तेलकट खाद्य दिले तर त्याची चरबी मऊ होते, पण गाईला कितीही पातळ तेल पाजले तरी तिच्या अंगची चरबी घट्टच राहते.

परंतु या क्रियेला मर्यादा आहे. प्रमाण वाढले की जिवाणूंचे हात पुरत नाहीत, वैरण न पचता पुढे सरकते, जनावर खाणे कमी करते आणि शेण पातळ होते. यामुळे खाद्यातील एकूण स्निग्धांश शुष्क भागाच्या शेकडा सहा-सातच्या वर जाऊ देऊ नये, असा नियम फीडलॉटमध्ये रूढ झाला. मक्यातच शेकडा चारच्या आसपास तेल असते. म्हणून वरून घालावयाचे तेल शेकडा दोन ते चार एवढेच उरते. दहा किलो शुष्क खाद्य खाणाऱ्या गोऱ्ह्याला हे दोनशे ते चारशे ग्रॅम होते. तेही पहिल्या दिवसापासून नव्हे. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवीत.

लेथब्रिज येथील संशोधन केंद्राचा २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या संदर्भात पाहण्यासारखा आहे. मुख्यतः बार्लीचा मुरघास खाणाऱ्या गोऱ्ह्यांना रोज ४०० ग्रॅम सूर्यफुलाचे तेल देण्यात आले. हे प्रमाण त्यांच्या शुष्क खाद्याच्या शेकडा पाचच्या आसपास होते. जनावराच्या तोंडावाटे बाहेर पडणारा मिथेन वायू त्यामुळे शेकडा २२ ने घटला. मिथेन म्हणजे खाल्लेल्या अन्नातील ऊर्जेची हवेत जाणारी गळती. वैरणीवर जगणाऱ्या जनावराची सुमारे शेकडा सहा ऊर्जा अशी वाया जाते. शिवाय हा वायू पृथ्वीचे तापमान वाढवितो, म्हणून २०२१ पासून शंभरावर देशांनी तो कमी करण्याची प्रतिज्ञा केली आहे. भारत तीत सहभागी नाही. तेव्हा शेकडा २२ ची घट ही मोठीच गोष्ट वाटते. पण त्याच प्रयोगात तंतुमय भागाचे पचन शेकडा २० ने उतरले. एका हाताने मिळविलेले दुसऱ्या हाताने गेले. धान्यावर पोसलेल्या जनावराचे यात फारसे बिघडत नाही, कारण त्याच्या खाद्यात तंतू मुळातच थोडे असतात. मात्र त्याच्या मिथेनची गळतीही शेकडा तीनच्या आसपास, म्हणजे आधीच कमी असते. ज्याचा सारा संसार पेंढ्यावर व गवतावर आहे त्याने मात्र हा आकडा विसरून चालणार नाही.

या अडचणीतून वाट काढण्याचे दोन प्रयत्न झाले. ऑस्ट्रेलियातील शासकीय संशोधन संस्थेत १९७० च्या सुमारास तेलाच्या बारीक थेंबांवर दुधातील प्रथिनाचे आवरण चढवून ते फॉर्मॅल्डिहाइडने पक्के करण्याची युक्ती निघाली. हे थेंब कोटीपोटातून न फुटता पुढे जात, आणि त्यायोगे गाईची चरबी व दूध खरोखरच मऊ स्निग्धांशाचे झाले. हा शोध शास्त्रदृष्ट्या मोठा, परंतु खर्चामुळे व्यवहारात फारसा रुजला नाही. दुसरी युक्ती १९८० च्या दशकात अमेरिकेतील ओहायो येथे पुढे आली, आणि ती सोपी ठरली. स्निग्धाम्लांना चुना जोडून त्यांचा साबण करावयाचा. हा साबण कोटीपोटात विरघळत नाही. चौथ्या पोटातील तीव्र आम्लात तो फुटतो आणि आतड्यात पचतो. आज ‘बायपास फॅट’ या नावाने पुड्यांतून मिळते ती वस्तू बहुधा हीच. गंमत अशी की ज्या फीडलॉटची ही कथा आहे तेथे ती तितकी उपयोगी पडत नाही. धान्याच्या माऱ्याने तेथील गुरांचे कोटीपोटच आंबट झालेले असते आणि साबण तेथेच फुटू लागतो. दुभत्या, वैरण खाणाऱ्या गाईला ती अधिक मानवते. व्याल्यानंतरचे पहिले दोन-तीन महिने भरपूर दूध देणारी व त्यापायी वाळत चाललेली संकरित गाय किंवा म्हैस असेल तर रोज सुमारे शंभर ते दीडशे ग्रॅम देणे समर्थनीय आहे. तीन लिटर दुधाच्या गाईला ती देणे म्हणजे पैसे शेणात घालणे होय.

दृष्टिआड राहणारे तेल हा यातील सर्वांत घातक भाग. अमेरिकेत २००५ नंतर मक्यापासून मद्यार्क काढण्याचे कारखाने वाढले आणि त्यांचा चोथा फीडलॉटमध्ये स्वस्त मिळू लागला. या चोथ्याच्या शुष्क भागात शेकडा दहाच्या आसपास तेल असते. तो धान्य समजून भरपूर घालावयाचा आणि वरून तेल पूर्वीप्रमाणेच ओतावयाचे, ही चूक अगदी सहज होण्यासारखी. पुढे कारखानदार चोथ्यातले तेलही काढून विकू लागले. तेव्हा चोथ्याचे नाव तेच, पण गुण बदलला.

आपल्याकडे ही चूक सरकी व पेंड यांच्या बाबतीत घडते. समजा एक संकरित गाय दिवसाला दहा किलो शुष्क अंश खाते. सहा टक्क्यांच्या हिशेबाने तिची मर्यादा सहाशे ग्रॅम स्निग्धांशाची. तिला दोन किलो सरकी मिळाली तर सरकीत शेकडा अठराच्या आसपास तेल धरता साडेतीनशे ग्रॅम तेथेच झाले. गोव्यात व कोकणात घाण्यावरची खोबऱ्याची पेंड मिळते; तीत शेकडा आठ तेल धरले तर दोन किलोंत एकशे साठ ग्रॅम. उरलेल्या सहा किलो चाऱ्यातून शंभर ग्रॅम. बेरीज सहाशे दहा. आता कोणी दूध वाढावे म्हणून वरून वाटीभर तेल घातले तर ते मर्यादेपलीकडेच जाणार. अख्ख्या सरकीतील तेल सालीमुळे हळूहळू सुटते, त्यामुळे थोडी सवलत मिळते; भरडून किंवा दळून दिली की ती सवलत संपते. खोबरेलातील आम्ले तर कोटीपोटातील सूक्ष्म जीवांवर इतर तेलांहून अधिक कडक आहेत. उलट रसायनाने तेल काढून घेतलेल्या पेंडीत शेकडा एकच्या आसपासच तेल राहते. ती खाणाऱ्या जनावराचा हिशेब अगदी निराळा मांडावा लागतो. पेंड घेताना ती घाण्याची की कारखान्याची, हा प्रश्न दुकानदाराला विचारण्यास संकोच करू नये.

किमतीविषयी थोडक्यात. तेलाचा भाव मक्याच्या भावाच्या तिपटीवर गेला की ऊर्जेसाठी तेल घालणे परवडत नाही, आणि आपल्याकडे खाद्यतेलाचा भाव त्याच्या कितीतरी वर असतो. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलाचा निम्म्याहून अधिक भाग बाहेरून आणावा लागत असता चांगले तेल गव्हाणीत ओतणे कोणत्याच दृष्टीने शोभत नाही. अमेरिकेतही फीडलॉटमध्ये जाते ते बहुधा स्वयंपाकाचे तेल नव्हे; तेलशुद्धीत उरलेला गाळ किंवा खाणावळींतील तळणीचे उरलेले तेल असते. त्यावरून कोणी हॉटेलातील जळके तेल स्वस्तात आणून जनावरांना घालावे असे म्हणेल, तर त्याने बेल्जियममधील १९९९ ची घटना आठवावी. तेथे चरबी गोळा करून खाद्यासाठी पुरविणाऱ्या व्यवसायात विजेच्या यंत्रातील विषारी तेल मिसळले गेले. ते कोंबड्यांच्या व इतर जनावरांच्या खाद्यात शिरले, अंडी-मांस बाजारातून मागे घ्यावे लागले आणि दोन मंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. ज्या तेलाचा उगम ठाऊक नाही ते कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये.

शेवटी, तेल पाजण्याच्या आपल्या जुन्या रीतीविषयी. बेंदराच्या सुमारास काही भागांत बैलांना तेल व अंडी पाजतात. वर्षातून एकदोनदा थोडे तेल गेल्याने बैलाचे वाईट होत नाही, पण त्याने बळ वाढते असेही नव्हे. लसूणघास, चवळी यांसारखा कोवळा हिरवा चारा भरपूर खाऊन पोट फेसाने फुगले असता मात्र तेल खरोखर उपयोगी पडते. ते फेस मोडते आणि कोंडलेला वायू ढेकरावाटे बाहेर पडतो. मोठ्या जनावराला पाव ते अर्धा लिटर गोडे तेल अशा वेळी देतात. ते देताना मान फार उंच उचलू नये, जीभ ओढून धरू नये, एकेक घोट गिळू द्यावा आणि जनावराला ठसका लागताच हात थांबवावा. घाईने ओतलेले तेल फुप्फुसात गेले तर पोटफुगीतून वाचलेले जनावर चार दिवसांनी न्युमोनियाने दगावते. तेल पाजल्यावरही डाव्या कुशीचा फुगा उतरला नाही तर दुसऱ्यांदा पाजण्यात वेळ न घालविता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.