नदीचा कायदा आणि नळाचा हक्क

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी नाट्यप्रयोगांच्या, गणेशोत्सवांच्या आणि कोजागरीच्या आठवणींना उधाण यावे, हे स्वाभाविकच आहे. अशा वेळी पिण्याच्या पाण्याच्या नियमनासारखा रुक्ष विषय मांडण्याची अनुज्ञा संयोजकांनी आम्हांला दिली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. विषय रुक्ष असला तरी जिव्हाळ्याचा आहे. दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, फरीदाबाद, गुरुग्राम अशा विस्तीर्ण प्रदेशात विखुरलेल्या आपल्या कुटुंबांत एक गोष्ट समान आहे. नळाचे पाणी तसेच ओंजळीत घेऊन पिण्याचे धाडस आपल्यापैकी फारच थोडे जण करतात. हे असे का व्हावे, याचा विचार आज करावयाचा आहे.

या शहराच्या इतिहासात या प्रश्नाची एक भयंकर आठवण नोंदलेली आहे. १९५५ साली यमुनेला पूर आला आणि त्यानंतर वझीराबाद येथील उपसा-केंद्रापासून नदीचा प्रवाह दूर सरकला. नजफगढ नाला तेथून जवळच नदीला मिळतो. त्याचे सांडपाणी उलटे फिरून उपशाच्या तोंडाशी आले, आणि नोव्हेंबरात सुमारे आठवडाभर ते शहराच्या पाण्यात शिरत राहिले. अधिकाऱ्यांनी तुरटी आणि क्लोरीन यांचे प्रमाण वाढविले. त्यामुळे विषमज्वराची साथ टळली; परंतु डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ या काळात सुमारे २९,३०० दिल्लीकरांना कावीळ झाली. ती कावीळ कोणती होती, याचा उलगडा होण्यास पाव शतक लागले. त्या साथीतील रुग्णांच्या रक्ताचे जपून ठेवलेले नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील आणि अमेरिकेतील संशोधकांनी मिळून तपासले. ती तोवर ओळखीच्या ‘ए’ वा ‘बी’ प्रकारची नव्हती, असे १९८० साली प्रसिद्ध झाले. पुढे तिला ‘ई’ हे नाव मिळाले.

या घटनेतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पाण्यात काय शोधावयाचे हे आधी ठरवावे लागते, कारण जे शोधले जात नाही त्यापासून संरक्षणही मिळत नाही. आणि नदी बिघडली, तर शुद्धीकरण-केंद्र कितीही दक्ष असले तरी त्याच्या सामर्थ्याला मर्यादा पडते.

आपल्या देशाने यातील दुसरी गोष्ट आधी मनावर घेतली. महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधाचा स्वतःचा कायदा १९६९ सालीच केला, हे येथे अभिमानाने नमूद करावेसे वाटते. केंद्राचा कायदा २३ मार्च १९७४ चा. म्हणजे आपले मंडळ आणि हा कायदा जवळजवळ समवयस्क आहेत. नदीनाल्यांत, विहिरींत काय सोडू नये हे तो सांगतो. परंतु घरातील नळातून काय यावे याविषयी तो मौन बाळगतो. योगायोग असा, की त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेने सुरक्षित पेयजलाचा कायदा केला. त्याने नळाच्या पाण्यातील दूषित द्रव्यांच्या मर्यादा पुरवठा करणाऱ्यांवर बंधनकारक केल्या. १९९६ च्या दुरुस्तीने तर पाण्यात काय आढळले याचा वार्षिक अहवाल ग्राहकांना देणेही आवश्यक ठरले. तेथे सारे आलबेल आहे असे नाही. २०१४ नंतर फ्लिंट शहरात नळाच्या पाण्यात शिसे आले, ते हा कायदा असतानाच. परंतु तेथील नागरिकांच्या हाती भांडण्यासाठी एक कायदेशीर आकडा होता.

आपल्याकडे आकडा नाही असे नव्हे. पिण्याच्या पाण्याचे आय. एस. १०५०० हे भारतीय मानक १९८३ साली प्रथम निघाले. १९९१ आणि २०१२ साली ते सुधारण्यात आले. त्यानुसार एका लिटरमध्ये शिसे ०.०१ मिलिग्रॅमहून आणि नायट्रेट ४५ मिलिग्रॅमहून अधिक असू नये. शंभर मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय जीवाणू मुळीच आढळू नयेत. मानक उत्तम आहे, उणीव आहे ती सक्तीची. बाटलीबंद पाण्याला २००१ साली मानक-चिन्ह सक्तीचे करण्यात आले. परंतु सार्वजनिक नळाच्या पाण्याला या मानकाची देशव्यापी कायदेशीर सक्ती झालेली नाही. जो पैसे मोजून बाटली घेतो त्याच्यासाठी कायदा, आणि जो नळावर घागर लावतो त्याच्यासाठी केवळ शिफारस, असा हा न्याय आहे!

नोव्हेंबर २०१९ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री रामविलास पासवान यांनी एकवीस शहरांच्या नळपाण्याची तपासणी प्रसिद्ध केली. मुंबईचे दहाही नमुने कसोटीस उतरले. दिल्लीचे अकराही नापास झाले. एवढ्या मोठ्या शहराची परीक्षा अकरा नमुन्यांवर करणे दिल्ली जल बोर्डास मान्य झाले नाही, आणि तो आक्षेप अगदीच गैरलागू म्हणता येणार नाही. परंतु मग अधिक नमुने घ्यावेत, वारंवार घ्यावेत, आणि निष्कर्ष वॉर्डावॉर्डांत लावावेत, हेच त्याचे खरे उत्तर नव्हे काय?

मुंबईचे यश ऐकून आपण पाठ थोपटून घेण्याचे कारण नाही. मुंबईला तानसा, वैतरणा आणि भातसा या शहरापासून दूर असलेल्या धरणांचे पाणी मिळते. दिल्लीच्या वाट्याला येणारी यमुना मात्र पानिपत आणि सोनिपतची वस्ती व कारखाने यांच्याजवळून वाहत येते. पाण्यात अमोनिया वाढला की तो क्लोरीन खाऊन टाकतो, आणि वझीराबाद व चंद्रावळ येथील केंद्रांना उत्पादन घटवावे लागते. पुढे जलवाहिन्यांची कथा निराळीच. जेथे पाणी काही तासच येते, तेथे उरलेल्या वेळी नळ रिकामे असतात, आणि फटींतून शेजारच्या गटाराचे पाणी आत झिरपते. आपण थेट वाहिनीवर मोटर लावून पाणी ओढतो, तेव्हा त्या घाणीलाही आमंत्रण देतो. केंद्रातून निघालेले पाणी शुद्ध होते हे सांगून म्हणूनच भागत नाही. पाण्याची परीक्षा घरातील तोटीपाशी झाली पाहिजे.

आपण यावर उपाय शोधला तो स्वतःपुरता. घरोघरी आर. ओ. यंत्र आले. ते एक भांडे शुद्ध पाणी देताना त्याहून बरेच अधिक पाणी मोरीत सोडते. ज्या पाण्यात विद्राव्य क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून कमी आहेत तेथे ही यंत्रे बंद करावीत, असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ साली दिला होता. जेथे खारट भूजलावाचून गत्यंतर नाही, तेथील कुटुंबांना आम्ही दोष देणार नाही. परंतु यंत्र विकत घेतल्यावर आपण तक्रार करणे सोडले, हे मात्र मान्य केले पाहिजे. तक्रार करण्याची ऐपत आणि वेळ ज्यांच्यापाशी होता, ते गप्प झाले. आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंच्या वस्तीत टँकर येतो. त्यांच्या घरी ना यंत्र आहे, ना त्यांचा शब्द ऐकणारा कोणी.

येथे महाडचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली संमत झाला. महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरीही तळ्याचे पाणी त्यांच्या ओंजळीत आले नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावात प्राण आला. तो लढा मनुष्यत्वाचा होता. आपल्या गैरसोयीची त्याच्याशी बरोबरी करण्याचे धाष्टर्य आम्ही करणार नाही. मात्र संमत झालेला ठराव माणसे उभी राहिल्यावाचून कागदावरच राहतो, हा त्यातील धडा आपल्याला घेता येईल. प्रदूषणमुक्त पाणी हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सुभाष कुमार खटल्यात म्हटले आहे. हक्क मान्य झाला आहे. आता त्याची मागणी करणारे हवेत.

म्हणून मंडळापुढे आमच्या तीन विनंत्या आहेत. प्रत्येक सभासदाने आपल्या वसाहतीची टाकी केव्हा धुतली गेली आणि पाणी केव्हा तपासले गेले, याची नोंद दर्शनी फळ्यावर लावून घ्यावी. मंडळाने सर्व भागांतील सभासदांच्या वतीने आपापल्या पाणीपुरवठा यंत्रणेकडे अर्ज करून तोटीपाशी झालेल्या तपासणीचे निष्कर्ष मागवावेत, आणि ते येथील सूचनाफलकावर लावावेत. आणि नळाच्या पाण्यास मानकाची सक्ती व्हावी, पाण्याच्या बिलासोबत वर्षातून एकदा गुणवत्तेचा अहवाल मिळावा, असा ठराव या महोत्सवी वर्षाच्या सर्वसाधारण सभेत करावा. त्या अर्जावर आणि त्या ठरावाखाली आपल्या घरी कामास येणाऱ्यांच्या वस्त्यांची नावेही असावीत, एवढे आवर्जून सुचवितो आणि आपली रजा घेतो.