छप्पर हीच पाटी



फ्रिस्कोच्या टोलवेवरून रात्री जाताना हॉटेलांच्या पाट्या विझल्या, तर कुठलं हॉटेल कुठल्या कंपनीचं हे ओळखता येईल का? मला तरी नाही यायचं. सगळे तीनचार मजली, फिक्या रंगाचे खोके! एके काळी मात्र या देशात छप्पर हीच पाटी होती, आणि त्यात सगळ्यात गाजलं हॉवर्ड जॉन्सनचं नारिंगी छप्पर.

हॉवर्ड डिअरिंग जॉन्सन यांनी १९२५ साली मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सी गावी औषधं आणि सोडा विकणारं दुकान घेतलं. २८ स्वादांच्या आइस्क्रीमनं त्यांचं नाव झालं. १९३५ पासून ते इतरांना नाव वापरायला देऊ लागले. पण नाव दिलं म्हणजे गिऱ्हाईकाचा विश्वास थोडाच मिळतो? मुलं भुकेनं रडताहेत, गाव अनोळखी, अशा वेळी लांबूनच कळायला हवं की इथे जेवण नेहमीचंच मिळेल. म्हणून इमारत न्यू इंग्लंडच्या जुन्या घरासारखी, पांढऱ्या भिंती, वर छोटा मनोरा, त्यावर वातकुक्कुट, आणि छप्पर भडक नारिंगी. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत हा अस्सल 'युजर इंटरफेस'!

१९५४ मध्ये जॉर्जियातल्या सव्हाना इथे त्यांचं पहिलं मोटेल निघालं. तोवर गाड्यांचा वेग वाढला होता. मायामीचे वास्तुरचनाकार रुफस निम्स यांनी घरगुती थाट काढून टाकला. रेषा सरळ, काचा मोठ्या, रंग तोच. मोटेलच्या कचेरीवर तर जमिनीपर्यंत उतरणारं, उलट्या व्हीसारखं छप्पर आलं. आपल्या टेक्ससमध्ये व्हॉटाबर्गरनं १९६१ साली ओडेसाला असंच नारिंगी-पांढरं छप्पर उभारलं, ते बहुतेकांनी पाहिलं असेल.

पुढे हवा बदलली. रस्त्याकडेचा भडकपणा लोकांना खुपू लागला. १९६५ मध्ये महामार्ग सुशोभनाचा कायदा झाला, तो खरं म्हणजे जाहिरातफलकांबद्दल होता, पण वारं त्याच दिशेचं. छपरं बुटकी झाली, रंग तपकिरी झाले. माझ्या मते इथेच घात झाला. जे लांबून ओळखू येत होतं, तेच झाकून टाकलं! अर्थात १९७३ ची तेलटंचाई आणि स्वस्त बर्गरवाले ही कारणंही होतीच. १९७९ मध्ये कंपनी ब्रिटिशांकडे गेली, १९८५ मध्ये मॅरियटकडे, आणि तिचे तुकडे झाले. शेवटचं उपाहारगृह, न्यूयॉर्क राज्यातलं लेक जॉर्जचं, २०२२ मध्ये बंद पडलं. मोटेलांवर नाव अजून आहे, छप्पर बहुतेक ठिकाणी नाही.

आता यात आपला काय संबंध? या देशातली कितीतरी जुनी मोटेलं आपल्या गुजराती बांधवांनी घेतली. घरातले सगळे राबले. चादरी बदलण्यापासून हिशेबापर्यंत. ब्रँड टिकवायचा तर कंपनी ठरावीक वर्षांनी सुधारणांची यादी हातात ठेवते: दर्शनी भाग बदला, लॉबी बदला. खर्च मालकाचा. नाही जमलं तर नाव काढून घेतात. मग तो माणूस स्वतःच्या नावाची पाटी लावतो, पण ते तिरकं छप्पर पाडायलाही पैसे लागतात, म्हणून ते तसंच राहतं. जुनी वास्तू जपण्याची ही तऱ्हा कुठल्या पुस्तकात नसेल!

तेव्हा पुढच्या लांबच्या प्रवासात हायवेकडेला असं उलट्या व्हीचं छप्पर दिसलं, तर पाच मिनिटं थांबा. आत काउंटरवर कुणी काका असतील, तर 'केम छो' म्हणून ते कधीचं आहे एवढं विचारा.