उसने शब्द
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



शेजारून वाटीभर साखर आणली तर ती 'उसनी'. चार दिवसांनी तीच वाटी शिगोशीग भरून आपण परत करतो. वाण्याकडून पैसे मागे ठेवून आणली तर 'उधारी'. सावकाराचे पैसे घेतले तर 'कर्ज'. आणि गंमत अशी की, 'कर्ज' हा शब्दच आपण फारसीमार्गे अरबीतून घेतला आहे!

मग अशा शब्दांना 'उसने' म्हणावे काय? शब्द घेतल्याने देणाऱ्याचा डबा रिकामा होत नाही आणि तो परतही करावा लागत नाही. बटाटा, पाव, चावी, पगार पोर्तुगीजांकडून आले. अडकित्ता कानडीतून आला. सुनांप्रमाणे ते या घरचे झाले. 'बटाट्याची', 'चावीने' असे आपलेच प्रत्यय त्यांना लागले. आपल्या लेकीही परघरी गेल्याच. मुंगूस इंग्रजीत जाऊन 'मंगूस' झाले.

हे सांगण्याचे कारण माझीच एक चूक. मंडळाच्या एका सभेत एक भगिनी हिशेब वाचीत होत्या. त्या 'बॅलन्स' म्हणाल्या. मी भर सभेत टोकले, "शिल्लक म्हणा!" पुढेही दोनदा टोकले. बायका हसल्या. त्या दिवसापासून त्या सभेत बोलेनाशा झाल्या. पुढे माझ्या ध्यानात आले की, 'हिशेब' हा शब्द तरी कुठे आपला? तोही अरबीच!

याचा अर्थ वाटेल तो शब्द आणावा असा नव्हे. नव्या वस्तूबरोबर आलेले नाव खुशाल घ्यावे. परंतु कांदा चिरतात, सुपारी कातरतात, वड्या पाडतात, नखे काढतात; या साऱ्यांना एकच 'कट करणे' लावले तर आपल्याच घरचे चार शब्द अडगळीत पडतात. ते जपावयाचे असतील तर आपण रोज बोलावे, म्हणजे मुले आपोआप उचलतात. टोकून शब्द टिकत नाहीत. माणसे मात्र दुरावतात.

मी त्या भगिनींच्या घरी जाऊन क्षमा मागितली. यंदाचा हिशेब त्यांनीच वाचला. त्या 'बॅलन्स'च म्हणाल्या, आणि कोणीही हसले नाही.