अभिजात संगीत : नव्या श्रोत्याचा प्रारंभ



'गाणे आवडते, पण शास्त्रीय संगीत आपल्याला कळत नाही', असे सांगणारी मंडळी घरोघरी आढळतात. सारा जन्म व्यापारात घालविलेला गृहस्थ साठीनंतर कुणाच्या तरी आग्रहाखातर मैफलीस जातो, विलंबित ख्याल सुरू होताच चुळबुळू लागतो आणि मध्यंतरात उठून घरी येतो. पुन्हा तो त्या वाटेस जात नाही. आयुष्याचा निवांत काळ हाती असताना एवढे मोठे दालन त्याला कायमचे बंद होते. दोष त्याच्या कानाचा नसतो. आरंभ अवघड टोकाकडून झालेला असतो. विलंबित एकतालाचे बारा मात्रांचे एक आवर्तन कधी कधी पाऊण मिनिटाहूनही अधिक चालते. एवढ्या अवधीत सम कोठे येणार, हे नवख्याने ओळखावे तरी कसे?

म्हणून प्रारंभ द्रुत त्रितालापासून करावा. मात्रा सोळा, पहिली, पाचवी व तेरावी टाळीची आणि नववी खाली. मांडीवर बोटांनी हा हिशेब काही दिवस धरला की गायक समेवर येताच मान आपोआप डोलते. वहीखात्याची सवय असलेल्यांना सोळाचा हिशेब जड जाऊ नये!

आपल्याकडे आणखी एक सोपी वाट आहे, ती नाट्यसंगीताची. १९१६ साली रंगभूमीवर आलेल्या 'संगीत स्वयंवर'ला भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या. ज्यांनी बालपणापासून ही पदे ऐकली, त्यांच्या कानांत राग आधीच रुजलेले असतात. फक्त त्यांची नावे ठाऊक नसतात.

मैफलीपूर्वी तंबोरे लावण्यात जाणारा वेळ पुष्कळांना व्यर्थ वाटतो. वस्तुतः तेथेच कान तयार होतो. चार तारांपैकी पहिली बहुधा पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या आणि शेवटची खर्जाची. घोडीवर तारेखाली सुताचा किंवा रेशमाचा बारीक धागा सरकवितात. तो नेमक्या जागी बसला की तार गुंजू लागते. हीच जवारी. बाजारात ज्याला कवडीचे मोल नाही अशा बोटभर सुतावर तंबोऱ्याचा सारा झंकार अवलंबून असतो! मिरजेच्या या वाद्यनिर्मितीची कीर्ती जुनीच आहे. २०२४ साली तेथील सतार व तंबोरा यांना भौगोलिक मानांकनही लाभले.

राग म्हणजे केवळ स्वरांची यादी नव्हे. भूप आणि देशकार या दोहोंत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर येतात. परंतु भूपात गंधाराला मान, विस्तार पूर्वांगात आणि वेळ रात्रीच्या पहिल्या प्रहराची. देशकारात धैवत प्रबळ, ओढ वरच्या अंगाकडे आणि वेळ सकाळची. एकाच सुताचे दोन तागे, पण पोत निराळा! नवख्याने दहा रागांमागे न धावता महिनाभर एकच राग घ्यावा. किशोरी आमोणकरांचा भूप प्रथम ऐकावा, मग तोच राग अन्य कलावंतांकडून ऐकावा.

कुणाला स्वतः गावेसे वाटले, तर पेटीवर आपला षड्ज आधी शोधावा. पुरुषांचा तो बहुधा काळी एक-दोनच्या आसपास, स्त्रियांचा काळी चार-पाचच्या आसपास सापडतो. नामवंतांच्या पट्टीत गाण्याचा हट्ट धरल्याने गळा दुखावतो आणि उत्साह महिन्याभरातच मावळतो. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केल्यापासून वर्गात बसून संगीत शिकण्याची सोय सामान्य माणसाला झाली. तेव्हा नातवंडांच्या शेजारी बसून अलंकार घोटण्यात संकोच कसला?

मैफली बहुधा सायंकाळी भरत असल्याने सकाळचे राग क्वचितच कानी पडतात. तोडी किंवा देशकार ऐकावयाचा तर रविवारची प्रातःकालीन बैठक गाठावी, नाहीतर दुकान उघडण्यापूर्वी अर्धा तास घरीच ध्वनिमुद्रण लावून बसावे.