दिव्याखाली अंधार: नवरीचे फोटो बाहेर काढताना

आधीच सांगतो, मागून लोकलचा आवाज आला तर सांभाळून घ्या. मी दिव्यात राहतो. एक लाइन सीएसएमटीला, एक कल्याणला, एक पनवेलला, एक वसईला. शांतता बघून रेकॉर्डिंग करायचं ठरवलं तर भाग कधी येणारच नाही.

आजचा विषय आहे नवरीचे बाहेर, उघड्यावर काढलेले फोटो. लग्नसराई आली की मला हमखास मेसेज येतो, "दादा, कॅमेरा कुठला घेऊ?" कॅमेऱ्याचं नंतर बघू. आधी माझी फजिती ऐका.

माझ्या मामेबहिणीचं लग्न होतं. मे महिना, मुहूर्त दुपारी साडेबाराचा. अक्षता पडल्या आणि मी म्हटलं, ताई, जेवायच्या आधी गच्चीवर पटकन फोटो काढू. ऊन असं की फरशीवर पाय टेकवेना. ती बिचारी नववारीत, सकाळपासून पोटात धड काही नाही, तरी उभी राहिली. रात्री घरी येऊन बघतो तर डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे, नाकाखाली मिशीसारखी सावली, आणि डोक्यातून उगवलेली निळी पाण्याची टाकी! मग मी काय केलं? ॲपमध्ये चेहरा उजळवला. मग अजून थोडा उजळवला. आमची ताई सावळी आहे, फोटोत गोरीपान झाली. पाठवले तिला. रिप्लाय आला, "छान आहेत रे. पण ही कोण?"

तो मेसेज मी अजून डिलीट केलेला नाही. आज जे सांगणार आहे ते सगळं त्या मेसेजनंतर शिकलोय.

पहिली गोष्ट, उजेड. दिव्याखाली अंधार ही म्हण आपल्याच गावासाठी केलीय असं वाटतं, पण इथे ती शब्दशः खरी आहे. मे महिन्याच्या मध्यात आपल्या भागात भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, इतका की सरळ उभ्या खांबाची सावलीच पडत नाही. उजेड वरून आला की कपाळ आणि नाक चमकतं, डोळे बुडतात. नवरी कितीही सुंदर असू दे, त्या उन्हात ती दमलेलीच दिसणार.

मग काय करायचं? गच्ची सोडा आणि खाली या. बिल्डिंगच्या प्रवेशदारात, सावलीच्या कडेला, तोंड बाहेर करून तिला उभी करा. डोक्यावर छप्पर, समोर मोकळं आकाश. त्या आकाशाचा मऊ उजेड थेट चेहऱ्यावर येतो. दुपारी बारालाही हे जमतं, आणि खर्च शून्य.

चेहऱ्याची एक बाजू काळोखी वाटली तर कुणाला तरी पांढरी चादर धरून त्या बाजूला उभं करा. चादर पांढरीच हवी. मांडवाचं लाल-पिवळं कापड जवळ असलं की त्याचा रंग गालावर उतरतो, आणि मग आपण म्हणतो मेकअप बिघडला.

वेळ निवडता येत असेल तर सूर्यास्ताच्या आधीचा तासभर घ्या. गोरज मुहूर्त असला तर त्या वेळी नवरी बोहल्यावर असते, म्हणून फोटोंची वेळ आधीच घरच्यांशी बोलून ठेवा. दिव्यातली खास गोष्ट म्हणजे आपल्या पश्चिमेला मुंब्र्याच्या बाजूचे डोंगर आहेत. हिवाळ्यात सूर्य नैऋत्येला झुकतो आणि डोंगराआड लवकर जातो. मोबाइलवर सूर्यास्त सहाचा दिसला म्हणून पावणेसहाला पोहोचलात तर हातात काही लागत नाही.

आता फोनचं. कॅमेरा समोरच्या सगळ्या दृश्याची सरासरी काढून उजेड ठरवतो. मागे लख्ख आकाश असलं की चेहरा काळा पडतो. म्हणून चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस लॉक होईल, मग उजेड थोडा वर-खाली करा. पैठणीची जर पांढरीफटक पडत असेल तर उजेड कमी करा. वाइड लेन्सने जवळून काढू नका, नाक मोठं येतं. चार पावलं मागे जा आणि दोन एक्स वापरा. पोर्ट्रेट मोड लावलात तर झूम करून तपासा. मुंडावळ्यांच्या लडी आणि नथीची कड तो बऱ्याचदा पुसून टाकतो.

दुसरी गोष्ट, पोझ. नवरीला "स्माइल" म्हणू नका. आधी पाणी द्या. नथ डाव्या नाकपुडीत असते, म्हणून चेहऱ्याची डावी बाजू थोडी कॅमेऱ्याकडे येऊ दे. खांदे जरा तिरके, वजन मागच्या पायावर. हातांना काम द्या, पदर सावरू दे, हिरवा चुडा सारखा करू दे. आणि हात मनगटावर कापू नका, चुडा अर्धा गेला तर फोटोच गेला. आमच्याकडे आगरी लग्नात धवलारीण धवले म्हणते, तेव्हा नवरीच्या चेहऱ्यावर जे येतं ते पोझ देऊन येत नाही. तेव्हा गप्प उभे राहा आणि टिपा.

तिसरी गोष्ट, मागचं दृश्य. नवरीला भिंतीला चिकटवू नका. भिंत दहा-बारा फूट मागे असली की ती आपोआप धूसर होते. क्लिक करण्याआधी डोक्यामागे खांब, वायर, टाकी आहे का बघा. जागा म्हणाल तर खिडकाळीच्या मंदिराजवळचा तलाव आहे, खाडीकडची हिरवळ आहे. अंबरनाथचं शिवमंदिर इ.स. १०६० चं. त्या काळ्या दगडापुढे पिवळी साडी काय उठून दिसते! पण ते पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, मोठं सामान नेणार असाल तर आधी परवानगीचं विचारा.

आणि रुळांवर नाही म्हणजे नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिने कैद किंवा हजार रुपये दंड होऊ शकतो. दंडाचं सोडा, दिव्यात राहणाऱ्याला रूळ काय करतात हे वेगळं सांगायला नको.

शेवटचं. गौतम राजाध्यक्षांनी मोठमोठ्या नटनट्यांचे फोटो काढले, आणि त्यांच्या मराठी पुस्तकाचं नाव आहे 'चेहरे'. मला ते नाव फार आवडतं. आपल्याला चेहराच काढायचाय. उजेड नीट असला तर सावळा रंग इतका सुंदर दिसतो की ॲप उघडायची गरजच पडत नाही. गोरं करणं म्हणजे फोटो चुकल्याची कबुली आहे, आणि शिक्षा मात्र नवरीला.

मागच्या दिवाळीत ताई माहेरी आली होती. मी म्हटलं, तीच नववारी नेस. संध्याकाळी पाचला, आमच्याच बिल्डिंगच्या दारात, साध्या फोनवर सात-आठ फोटो काढले. एकही उजळवला नाही. लग्नाचा दिवस काही परत आला नाही, ते मला माहीत आहे. पण मामीने त्यातला एक फ्रेम करून टीव्हीच्या वर लावलाय. ताईला विचारलं, "ही कोण?" तर पाठीत धपाटा मिळाला.

तर मंडळी, या रविवारी कुणाचं लग्न असेल तर गच्चीवर जाऊ नका, दारात उभे राहा. फोटो कसे आले ते कळवा. भेटू पुढच्या भागात!