नवा कॅमेरा केव्हा घ्यावा?

(वार्षिक सभेत रुग्णालय प्रशासनाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



अहवाल वर्षाचा जमाखर्च आणि विभागवार कामकाज आपल्या हाती असलेल्या पुस्तिकेत दिले आहे. त्याचे वाचन करून आपला वेळ घेणे आम्ही टाळतो. आज खरेदीच्या एकाच बाबीवर बोलण्याचे ठरविले आहे, कारण त्याच बाबीविषयी वर्षभरात सर्वाधिक विचारणा झाली. दुर्बिणीद्वारे होणाऱ्या शस्त्रक्रियांसाठी नवा व्हिडिओ कॅमेरा घेण्याचा ठराव विश्वस्त मंडळाने या वर्षी संमत केला. त्यावर एका देणगीदारांनी विचारले, एवढा उशीर का? दुसऱ्यांनी विचारले, बाजारात याहून नवे मॉडेल आले असताना हेच का? आणि तिसऱ्यांचे म्हणणे असे की, आणखी वर्षभर थांबला असता तर हाच कॅमेरा स्वस्तात मिळाला नसता काय? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. ज्यांच्या पैशांतून खरेदी होते त्यांना त्यांची उत्तरे मिळाली पाहिजेत.

कॅमेरा म्हटले की लग्नसमारंभातील चित्रीकरण डोळ्यांसमोर येते. शस्त्रक्रियागृहातील कॅमेऱ्याचे काम निराळे. पोटावर अर्धा ते एक सेंटिमीटर लांबीची तीन-चार छिद्रे घेतात, आत कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा करतात आणि एका छिद्रातून दुर्बीण सोडतात. दुर्बिणीच्या बाहेरच्या टोकास कॅमेरा बसविलेला असतो. शल्यचिकित्सकांचे हात रुग्णाजवळ आणि नजर समोरच्या मॉनिटरवर असते. पडद्यावर दिसेल तेवढेच त्यांना दिसते.

पूर्वी डॉक्टर स्वतः दुर्बिणीच्या भिंगाला डोळा लावून पाहत. त्यांना जे दिसे ते शेजारी उभ्या असलेल्या सहायकास दिसत नसे, त्यामुळे मोठ्या शस्त्रक्रियेत सहायकाची मदत होणे कठीण. १९८५ साली जर्मनीत एरिख म्यूहे यांनी दुर्बिणीच्या मार्गाने पित्ताशय काढले. त्याच दशकात चिपवर चालणारे लहान, हलके कॅमेरे दुर्बिणीस जोडता येऊ लागले आणि शल्यचिकित्सक, सहायक, भूलतज्ज्ञ, परिचारिका या सर्वांना एकच दृश्य एकाच वेळी दिसू लागले. भारतात पित्ताशयाची अशी पहिली शस्त्रक्रिया १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी केली. मुंबईत रुजलेली ही पद्धत आपल्या जिल्ह्यापर्यंत सावकाशच आली. परंतु आज जिंतूर, पालम, सोनपेठकडील रुग्णही "दुर्बिणीचे ऑपरेशन करा" असे आपणहून सांगतो. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर महिना-दीड महिना जड काम करता येत नाही. दुर्बिणीने केली तर रुग्ण बहुधा एक-दोन दिवसांत घरी जातो व लवकर कामाला लागतो. शेतमजुराच्या घरी या फरकाचा हिशेब रोजगाराच्या दिवसांत होतो.

आता उशिराविषयी. पडद्यावरील चित्र धूसर दिसते, अशी तक्रार शस्त्रक्रिया विभागाने पूर्वीच केली होती. तेव्हा कॅमेरा बदलण्याची मागणी पुढे आली. आम्ही प्रथम संपूर्ण साखळी तपासून घेतली. दुर्बीण, प्रकाशाची केबल, प्रकाशस्रोत, कॅमेऱ्याचे डोके, त्याची नियंत्रण पेटी आणि मॉनिटर अशी ही साखळी असते. तिच्यातील सर्वांत कच्चा दुवा जितका चांगला, तितकेच चित्र चांगले. केबलीचे एक टोक दिव्याकडे धरून दुसऱ्या टोकाकडे पाहिले की तुटलेले काचतंतू काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात. आमच्या केबलीत असे ठिपके पुष्कळ निघाले, आणि दुर्बिणीचे एक भिंगही खराब झालेले आढळले. केबल आणि दुर्बीण बदलली. नव्या कॅमेऱ्याच्या किमतीच्या लहानशा अंशात चित्र पुन्हा स्वच्छ झाले व तोच कॅमेरा पुढे चालला. तेव्हा नवा कॅमेरा घेतला असता तर तो जुन्या केबलीच्या अंधुक प्रकाशातच काम करत राहिला असता.

परंतु जुना कॅमेरा चालविण्यास मर्यादा असते, आणि ती आम्हांस २०२४ साली दिसली. दिवाळीपूर्वीचे दिवस होते. गंगाखेड तालुक्यातील एका ऊसतोड कामगार भगिनीची पित्ताशयाची शस्त्रक्रिया सुरू असताना पडद्यावरचे चित्र गेले. केबल बदलली, मॉनिटर बदलला. दोष नियंत्रण पेटीत होता. अशा वेळी काय करावे हे वैद्यकशास्त्रात ठरलेले आहे. शल्यचिकित्सकांनी मोठा छेद घेऊन शस्त्रक्रिया नीट पूर्ण केली. रुग्ण सुखरूप घरी गेली आणि बिलाची रक्कम निर्धन रुग्ण निधीतून भागविण्यात आली. हंगाम मात्र गेला. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता धरतात. एक माणूस घरी राहिला की कोयता मोडतो. मुकादमाकडून घेतलेली उचल मात्र तशीच अंगावर राहते. ती उचल फेडणे आमच्या कोणत्याही निधीच्या शीर्षाखाली बसत नाही.

पुरवठादाराने पेटी दुरुस्त करून दिली, आणि सोबत पत्र दिले की या मॉडेलचे सुटे भाग यापुढे ठराविक मुदतीपर्यंतच मिळतील. आमच्या दृष्टीने कॅमेरा जुना झाल्याची तारीख म्हणजे त्या पत्रावरील तारीख. नवे मॉडेल बाजारात आले म्हणून आपला कॅमेरा एका दिवसात जुना होत नाही. कालच्याइतकेच चांगले चित्र तो आजही दाखवितो. सुटे भाग बंद झाले, अभियंता येईनासा झाला, की प्रदर्शनात ठेवण्याजोगे यंत्रही शस्त्रक्रियागृहात ठेवता येत नाही. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जाणाऱ्या आणि विजेचा दाब कमी-जास्त होणाऱ्या आपल्या गावी तर नाहीच नाही.

हेच मॉडेल का, या प्रश्नाचे उत्तर थोड्या गणिताने द्यावे लागेल. जुन्या पद्धतीच्या चित्रात सुमारे ४ लाख १५ हजार बिंदू असत. पूर्ण एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार बिंदू असतात, पाचपट. ४के चित्रात त्याच्याही चौपट, सुमारे ८३ लाख. कागदावर दोन्ही उड्या मोठ्या दिसतात. परंतु आपल्या शस्त्रक्रियागृहात २७ इंची मॉनिटर आहे व शल्यचिकित्सक त्यापासून दीड-दोन मीटरवर उभे असतात. एवढ्या अंतरावरून त्या पडद्यावरील एचडी चित्राचे बिंदूसुद्धा निरोगी डोळ्यास वेगळे ओळखता येत नाहीत. ४केचा लाभ हवा तर मोठा पडदा हवा, तो लावण्यास जागा हवी, आणि दुर्बीणही त्या तोलाची हवी. याउलट, एका चिपेऐवजी तीन चिपांचा कॅमेरा लाल, हिरवा व निळा हे रंग प्रिझमने वेगळे करून टिपतो, त्यामुळे जवळजवळच्या तांबूस छटांतील फरक अधिक खरा उतरतो. पित्तनलिका कोणती आणि रक्तवाहिनी कोणती हे ओळखताना हा फरक कामाचा आहे. तो अल्प किमतीत मिळतो. काही नव्या कॅमेऱ्यांत विशिष्ट रंगद्रव्य शिरेतून देऊन पित्तनलिका चमकताना पाहण्याची सोय असते. ती सोय उत्तमच. परंतु त्या द्रव्याचा खर्च दर रुग्णामागे येत राहतो, आणि शासकीय योजनेत शस्त्रक्रियेचा दर ठरलेला असतो. कॅमेरा कोणत्या सालचा, हे पाहून तो वाढत नाही.

ही निवड आम्ही माहितीपत्रकांवरून केली नाही. पुरवठादारांना आपल्याच शस्त्रक्रियागृहात, आपल्याच मॉनिटरवर प्रात्यक्षिक देण्यास सांगितले. एका देणगीदार कुटुंबाने मातोश्रींच्या स्मरणार्थ मोठी रक्कम देऊ केली होती, परंतु "सर्वांत नवे मॉडेल घेणार असाल तरच" अशी त्यांची अट होती. रक्कम नाकारणे जड होते, आणि अट मान्य करणेही जड होते. आम्ही त्या कुटुंबीयांना प्रात्यक्षिकास बोलावले, दोन्ही कॅमेऱ्यांची चित्रे शेजारी-शेजारी दाखविली आणि दोन्ही दरपत्रके पुढे ठेवली. त्यांनी बराच वेळ पाहिले. २०२४ सालची ती घटना त्यांना ठाऊक होती. ज्येष्ठ चिरंजीवांनी एवढेच विचारले, "दुसरा कॅमेरा बंद पडला तर?" त्यावरून पुढची चर्चा झाली. त्यांच्या रकमेतून आता तीन चिपांचा एचडी कॅमेरा, दोन नव्या दुर्बिणी आणि एक राखीव नियंत्रण पेटी असे तिन्ही येणार आहे. एकट्या ४के संचात ती सारी रक्कम संपली असती. या कुटुंबाचे मोठेपण सभेपुढे मांडणे आम्ही कर्तव्य समजतो.

राहिला स्वस्ताईचा प्रश्न. वाणिज्य शाखेच्या माणसास हा प्रश्न प्रिय असतो, म्हणून त्यावर थोडे सविस्तर. इलेक्ट्रॉनिक वस्तू काळानुसार स्वस्त होतात, हे खरे. परंतु वैद्यकीय कॅमेरे बहुतांशी आयात होतात. २००५ साली सुमारे ४४ रुपयांना मिळणारा डॉलर २०२५ साली ८५ रुपयांच्याही वर गेला; तिकडे झालेली स्वस्ताई इकडे पोहोचेपर्यंत पुष्कळशी विरून जाते. करांचे म्हणाल तर थांबण्याचा लाभ एकदा खरोखर झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये वैद्यकीय उपकरणांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. रुग्णसेवेवर हा कर नसल्याने खरेदीवर भरलेला कर आपणांस वजा करून घेता येत नाही, तो संपूर्ण खर्चातच पडतो. समजा, करापूर्वी किंमत २४ लाख रुपये आहे. तर केवळ या बदलाने १ लाख ६८ हजार रुपये वाचले. याचे श्रेय आमच्या दूरदृष्टीस देऊ नये. ती कपात कोणी आधी सांगितली नव्हती.

थांबण्यासही किंमत पडते. तोच २४ लाखांचा संच आठ वर्षे चालेल असे धरा, म्हणजे वर्षाला ३ लाख. देखभाल कराराचे वर्षाला दीड लाख धरा. एकूण साडेचार लाख. वर्षाला ३०० शस्त्रक्रिया झाल्या तर प्रत्येकीमागे १,५०० रुपये, आणि १०० झाल्या तर ४,५०० रुपये. म्हणून कोणते मॉडेल घ्यावे याआधी आपल्याकडे काम किती आहे, हे शस्त्रक्रियागृहाच्या नोंदवहीत पाहावे लागते. काम हाती तयार असेल तर पुढच्या मॉडेलची वाट पाहत बसू नये. दादासाहेब फाळके यांनी विम्याची पॉलिसी तारण ठेवून १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर यांनी तर सहकाऱ्यांसह कॅमेराच स्वतः घडविला व १९२० साली 'सैरंध्री' दाखविला. (पेंटरांचा मार्ग आम्हांस मोकळा नाही, हे सांगणे नलगे.)

आणखी एक अडचण देणगीदारांच्या सहसा लक्षात येत नाही. धर्मादाय संस्थेने उत्पन्नाचा ८५ टक्के भाग त्या-त्या वर्षी कार्यासाठी खर्चावा, अशी प्राप्तिकर कायद्याची अपेक्षा आहे. मोठ्या खरेदीसाठी रक्कम साठवायची तर उद्देश लेखी कळवून अधिकाधिक पाच वर्षे साठविता येते. तेव्हा "पुढचे मॉडेल येऊ द्या" असे म्हणत निधी अमर्याद काळ बाजूला ठेवता येत नाही. निर्धन रुग्ण निधी तर रुग्णांच्या उपचारांसाठीच आहे. त्यातून यंत्र घेता येत नाही. आणि हिशेबात घसारा दाखविला म्हणजे पैसे जमले असे होत नाही. या वर्षापासून घसाऱ्याइतकी रक्कम यंत्रसामग्री नूतनीकरण निधीच्या नावे बँकेत मुदत ठेवीत ठेवण्यास विश्वस्त मंडळाने मान्यता दिली आहे. पुढच्या कॅमेऱ्याच्या वेळी खरेदीची तारीख केवळ देणगी केव्हा मिळते यावर अवलंबून राहू नये, हा हेतू.

खरेदीच्या करारात तीन गोष्टी लेखी घेतल्या आहेत. सुटे भाग आठ वर्षे मिळतील. बिघाड झाल्यास दुरुस्ती होईपर्यंत बदली यंत्र मिळेल. आणि देखभालीचा दर आजच ठरेल. पुरवठादारांपैकी एकाने बरीच मोठी सूट देऊ केली होती, परंतु पहिली अट लिहून देण्यास तो तयार झाला नाही. त्याचे दरपत्रक आम्ही बाजूला ठेवले. जुना कॅमेरा विकणार नाही. भाग मिळेपर्यंत तो लहान शस्त्रक्रियागृहात राहील, आणि त्यानंतर ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणेच त्याची विल्हेवाट लावली जाईल.

दरपत्रकांचा तुलनात्मक तक्ता, प्रात्यक्षिकानंतर शल्यचिकित्सकांनी दिलेले लेखी अभिप्राय आणि कराराची प्रत लेखा विभागात ठेवली आहे. कोणाही देणगीदारास ती कार्यालयीन वेळेत पाहता येईल. नवा संच बसविण्याच्या आणि परिचारिकांच्या प्रशिक्षणाच्या काळात दुर्बिणीच्या नियोजित शस्त्रक्रिया दोन दिवस बंद राहतील. त्या दोन तारखा सूचना फलकावर लावल्या जातील, आणि ज्या रुग्णांना आधी दिवस दिला आहे त्यांना दूरध्वनीने कळविण्यात येईल. बाहेरगावच्या नातेवाइकांनी निघण्यापूर्वी चौकशी करावी, ही विनंती.